रीसेट मारण्याआधी

चि. सायली,

तुझा मेसेज वाचला. आधीचे सिस्टिम अॅडमिन नोकरी सोडून गेले, राउटरचा आणि स्विचचा पासवर्ड कुणापाशीच नाही, हेडक्लार्क म्हणतात ‘रीसेट मारून टाका मॅडम’, आणि प्राचार्यांना सोमवारपर्यंत नव्या लॅबला नेट हवं आहे. यातलं पासवर्डचं दुखणं किरकोळ आहे. हेडक्लार्कांचा सल्ला मात्र महागात पडेल. म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवतो आहे, रॅकसमोर उभी राहशील तेव्हा हाताशी राहील.

त्या राउटरमधली सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे पासवर्ड. तो गेला तर नवा घालता येतो. महाग आहे ते कॉन्फिग. कुठल्या पोर्टवर परीक्षा विभाग आहे, कुठल्यावर हॉस्टेल, दोघांचे व्हीलॅन वेगळे का ठेवले, लीज्ड लाइनचा आयपी कोणता, ग्रंथालयाच्या सर्व्हरला बाहेरून कोण पोचू शकतं, हे सगळं त्यात आहे. आणि ते कुणी एका दिवसात बसून लिहिलेलं नाही. कुणीतरी तक्रार करतं, एक ओळ वाढते. वायरमन चुकीच्या पोर्टात केबल घालतो, आणखी एक ओळ वाढते. त्यातली निम्मी कारणं आता कुणालाही आठवत नसतील, पण ओळी आपलं काम करत आहेत. अशा वेळी रीसेट मारणं म्हणजे कपाटाची किल्ली हरवली म्हणून आतल्या सातबाऱ्यासकट कपाट भंगारात घालणं. तेव्हा काम काय आहे ते आधी मनाशी पक्कं कर: कॉन्फिग जसंच्या तसं वाचवायचं आणि फक्त कुलूप बदलायचं.

त्याआधी पासवर्ड खरोखरच हरवला आहे का, हे बघ. जुन्या अॅडमिनना फोन केलास का? तुझ्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. ‘ते रागावून गेले’ असं कुणीतरी सांगतं आणि मग कुणीच फोन करत नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. बहुतेक वेळा माणूस दोन मिनिटांत सांगून टाकतो, वर चार गोष्टी अशा सांगतो ज्या कुठल्याच कॉन्फिगमध्ये सापडत नाहीत. अदबीने विचार. नवी मुलगी आपल्या कामात चुका काढायला आली आहे, असं त्यांना वाटता कामा नये.

फोन लागला नाही तर त्यांचा जुना पीसी शोध. पूर्वीचे लोक कॉन्फिगची नक्कल टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचे. तशी एखादी सापडली तर ती सोन्यासारखी जप, कारण मग काहीही बिघडलं तरी परतीची वाट राहते. तुमचा राउटर आणि स्विच सिस्कोचे, म्हणून त्या फाइलमध्ये पासवर्डच्या आधी एक आकडा दिसेल. ७ असेल तर तो पासवर्ड केवळ झाकलेला आहे; ती पद्धत उलटी फिरवता येते आणि क्षणात मूळ अक्षरं मिळतात. ५ असेल तर तो एमडी-फाइव्हचा हॅश, त्याला उलटं फिरवता येत नाही. म्हणजे टेलनेटचा पासवर्ड ७ मध्ये आणि इनेबलचा ५ मध्ये, अशी जोडी असेल तर पहिला मिळेल, दुसरा नाही. पण माणसं एकच पासवर्ड दोन्हीकडे घालतात, तेव्हा लावून बघायला हरकत नाही. यावरूनच दुसरी गोष्टही लक्षात घे: अशी फाइल मदत मागण्यासाठी कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. तुला जे क्षणात वाचता आलं ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाचता येईल.

कन्सोललाही एकदा जोडून बघ. नेटवर्कवरून आत जाताना पासवर्ड विचारणारा बॉक्स कन्सोल केबलवर काहीच न विचारता निदान पहिल्या पायरीपर्यंत घेतो, असं पुष्कळदा असतं. आणि लॉगिन टॅकॅक्स किंवा रेडियस सर्व्हरवरून तपासलं जात असेल तर हरवलेला पासवर्ड राउटरमध्ये नाहीच, तो सर्व्हरवर बदलायचा. तसं असेल तर राउटरला हातसुद्धा लावायला नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सिस्कोच्या यंत्रात कॉन्फिग दोन ठिकाणी असतं. एक चालू, ते रॅममध्ये. दुसरं साठवलेलं, ते वीज गेली तरी टिकतं. कुणी बदल केला आणि सेव्ह करायला विसरला, तर तो बदल फक्त चालू प्रतीत असतो. यूपीएसवर असलेला स्विच वर्षानुवर्षं बंदच होत नाही, त्यामुळे ही चूक उघडी पडत नाही. पासवर्ड काढण्याच्या प्रत्येक पद्धतीत यंत्र बंद करून चालू करावं लागतं. म्हणजे बटण दाबताक्षणी न साठवलेलं सगळं जाणार, आणि आत शिरता येत नसल्यामुळे काय साठवलं आहे आणि काय नाही हे तुला आधी कळणार नाही.

म्हणून बंद करण्याआधी बाहेरून जेवढं टिपता येईल तेवढं टिपून घे. प्रत्येक पोर्टात कुठली केबल आहे त्याचे फोटो काढ, केबलींना चिठ्ठ्या लाव. प्रत्येक विभागातल्या एका पीसीवर आयपी, गेटवे आणि डीएनएस काय आहे ते लिहून घे. त्यावरून व्हीलॅनचा नकाशा आपोआप तयार होतो. मग लॅपटॉपवर वायरशार्क लावून एकेका मोकळ्या पोर्टात जोड आणि थोडी थांब. सिस्कोचं यंत्र दर ६० सेकंदांनी सीडीपीचं पाकीट सोडतं, त्यात त्याचं नाव, मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, तू कुठल्या पोर्टात आहेस तो क्रमांक, नेटिव्ह व्हीलॅन आणि बहुधा त्याचा आयपीही असतो. कुणी मुद्दाम बंद केलं नसेल तर पासवर्डशिवाय एवढी माहिती ते स्वतःहून सांगतं. लीज्ड लाइनचे आयपी पुरवठादाराकडून ईमेलवर मागवून घे. हे सगळं कंटाळवाणं आहे, यात अर्धा दिवस जाईल. जाऊ दे.

रॅममधल्या कॉन्फिगवरून आठवलं. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को महापालिकेत टेरी चाइल्ड्स नावाचा नेटवर्क अभियंता होता. शहराचं ‘फायबरवॅन’ हे नेटवर्क त्याने बांधलं होतं आणि ते उत्तम चालायचं. माणूस हुशार, सिस्कोची सीसीआयई ही अवघड परीक्षा उत्तीर्ण. जुलै २००८ मध्ये वरिष्ठांनी एका बैठकीत, फोन चालू ठेवून, त्याच्याकडे पासवर्ड मागितले आणि त्याने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की समोर बसलेल्यांना आणि फोनवर ऐकणाऱ्यांना ते मिळण्याचा अधिकार नाही. त्याला अटक झाली. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा त्याने पासवर्ड त्यांच्या हवाली केले. तू विचारशील, पालिकेने सरळ पासवर्ड रिकव्हरी का केली नाही? कारण त्याने बऱ्याच यंत्रांवर ती सोयच बंद करून ठेवली होती, आणि काहींचं कॉन्फिग फक्त रॅममध्ये ठेवलं होतं. वीज काढली की सगळं कोरं. या सगळ्या काळात नेटवर्क मात्र चालूच होतं. एकाही कचेरीचं काम थांबलं नाही, फक्त नेटवर्कची चावी पालिकेकडे नव्हती.

२०१० मध्ये तो दोषी ठरला, चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीत एक जण स्वतः नेटवर्क अभियंता होता, त्यामुळे न कळणाऱ्या लोकांनी निकाल दिला असंही म्हणता येत नाही. पुढे सुमारे १५ लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला आणि २०१३ मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली. मला विचारशील तर चार वर्षं जास्त झाली. वरिष्ठ हलगर्जी होते, पासवर्ड कुणाला द्यायचा याचा लेखी नियम धड नव्हता, आणि भर बैठकीत फोन चालू ठेवून पासवर्ड विचारणं हा शुद्ध वेडेपणा होता. पण आपण बांधलं म्हणजे ते आपलं झालं, हा त्याचा समज मी आपल्याकडच्याही चांगल्या चांगल्या मुलांत पाहतो. जो सगळ्यांत मन लावून काम करतो त्यालाच तो लवकर जडतो. तुझ्या बाबतीत मला तीच काळजी आहे, कारण तू काम मनापासून करतेस.

तर आता परवानगी. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घे: अमुक यंत्रं, अमुक तारीख, अमुक वेळ, या काळात नेट बंद राहील. विद्यापीठाच्या परीक्षा चालू असतील तर त्या दिवसांत हात लावू नकोस. प्रश्नपत्रिका सकाळी नेटवरून उतरवून घेतात, आणि त्या वेळी राउटर रिकव्हरीसाठी अर्धवट चालू होऊन बसलेला असेल तर तुझ्या पत्राला कुणी विचारणार नाही. शनिवारी दुपारनंतरची वेळ बरी.

राउटर २९०१ म्हणालीस. केबल लाव, पुट्टीत ९६०० वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. राउटर बंद करून चालू कर आणि पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक पाठव. लॅपटॉपवर ब्रेकची कळ बहुधा नसतेच. पुट्टीच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवं बटण दाबलंस की स्पेशल कमांडमध्ये ब्रेक सापडेल. रॉममॉन असं लिहिलेली ओळ आली की तू आत आलीस. तिथे ‘कॉन्फरेग’ आणि पुढे २१४२ दे. आकडा सोळाच्या पायाचा आहे, म्हणून आधी शून्य आणि एक्स लाव. नेहमीचा आकडा २१०२. मधल्या शून्याचा चार झाला की राउटरला एवढंच कळतं: चालू होताना साठवलेलं कॉन्फिग वाचू नकोस. ते पुसलं जात नाही, जागच्या जागी पडून राहतं. मग ‘रीसेट’. हेडक्लार्कांचा रीसेट वेगळा, हा वेगळा; हा केवळ पुन्हा चालू करतो.

आता राउटर नवा कोरा असल्यासारखा वागेल. सुरुवातीची प्रश्नावली भरायची का विचारेल, ‘नो’ म्हण. ‘इनेबल’ दिलंस की पासवर्ड न विचारता आत घेईल. इथे थांब आणि बोटं कीबोर्डवरून उचल. आपल्या सगळ्यांच्या बोटांना ‘राइट मेमरी’ची सवय असते. या क्षणी ती दिलीस तर कोरं कॉन्फिग जुन्यावर जाऊन बसेल आणि सगळी मेहनत संपेल. द्यायची ओळ उलट्या दिशेची: ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’. मोठ्याने वाच आणि मग एंटर दाब. दिलीस की गंमत बघ, ‘राउटर’ असं लिहिलेल्या ठिकाणी एकदम तुमच्या कॉलेजचं नाव उमटेल. जुनं कॉन्फिग परत आलं, आणि तू आधीच आत असल्यामुळे ते तुला पासवर्ड विचारत नाही. लगेच सगळं कॉन्फिग पडद्यावर आणून लॅपटॉपवर फाइलमध्ये साठव. नवा पासवर्ड त्याच्या नंतर.

‘इनेबल सीक्रेट’ बदल, कन्सोलचे आणि बाकीच्या लॉगिनचेही बदल. सॉफ्टवेअर नवं असेल तर ९ नंबरचा प्रकार वापर, नाहीतर ५. चारच्या वाटेला जाऊ नकोस. तो पाचपेक्षा मजबूत म्हणून आणला होता, पण २०१३ मध्ये तो उलट कमकुवत निघाला. मग इंटरफेस बघ. ते बंद दिसतील, घाबरू नकोस. ‘नो शटडाउन’ ही ओळ कॉन्फिगमध्ये साठवली जातच नाही, त्यामुळे कोऱ्या राउटरवर जुनं कॉन्फिग ओतलं की बंद असलेले इंटरफेस बंदच राहतात. जे आधी चालू होते ते एकेक करून चालू कर; तुझे फोटो इथे कामाला येतील.

शेवटी कॉन्फिग रजिस्टर २१०२ वर परत आण आणि मगच ‘राइट मेमरी’. ‘शो व्हर्जन’च्या अगदी तळाशी बघ: आता २१४२ आहे, पुढच्या वेळी २१०२ होईल, असं त्यात लिहिलेलं दिसलं पाहिजे. ही पायरी राहिली तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही. मग कधीतरी महावितरणचा देखभालीचा बंद लांबतो, यूपीएस मान टाकतो आणि वीज आल्यावर राउटर कोरा होऊन उठतो. माणसं ‘हॅक झालं’ म्हणत धावाधाव करतात.

स्विचची तऱ्हा वेगळी. तुमचा स्विच २९६०, त्याच्या पुढच्या बाजूला मोड नावाचं बटण आहे. वीज काढ, बटण दाबून धर आणि दाबलेलं असतानाच वीज जोड. सिस्टिमचा दिवा पिवळसर होऊन मग हिरवा स्थिर झाला की सोड. ‘फ्लॅश इनिट’ दे, मग फ्लॅशमधल्या फाइलींची यादी बघ. त्यातल्या ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’चं नाव बदलून शेवटी ‘ओल्ड’ जोड आणि ‘बूट’ दे. वर आल्यावर नाव पूर्ववत कर, फाइल चालू कॉन्फिगमध्ये कॉपी कर, पुढे राउटरसारखंच. ‘व्हीलॅन डॉट डॅट’ला हात लावू नकोस, व्हीलॅनची यादी तिथे असते. आणि हेच बटण स्विच चालू असताना कधीही दाबून धरू नकोस. दहाएक सेकंद धरलं की तो कॉन्फिग काढून टाकून पुन्हा सुरू होतो. एकच बटण, वीज काढून दाबलं तर कॉन्फिग वाचतं, चालू असताना दाबलं तर जातं. ‘स्विच आपोआप फॅक्टरीवर गेला’ अशा तक्रारींमागे मला कुणाचं तरी बोटच दिसतं.

स्विचने रिकव्हरी बंद असल्याचं सांगून फॅक्टरी कॉन्फिगवर नेऊ का असं विचारलं तर ‘नो’ म्हण, तो जसा होता तसा उठेल. मग घाई न करता मला फोन कर. ती सोय कुणीतरी विचार करून बंद केली असेल. उघड्यावरचं यंत्र चोरीला गेलं तर निदान आतलं वाचता येऊ नये म्हणून असं करतात. हॉस्टेलमध्ये मायक्रोटिक आहे म्हणालीस. त्याला असली पाठीमागची वाट नाही. पासवर्ड गेला की रीसेट किंवा नेटइन्स्टॉल, आणि दोन्हीत कॉन्फिग गेलंच. तिथे जुना बॅकअप सापडेपर्यंत हात लावू नकोस.

हे सगळं वाचून तुला प्रश्न पडला असेल: केबल घेऊन आलेल्या कुणालाही हे जमत असेल तर पासवर्डला अर्थ काय? अर्थ एवढाच की जो यंत्राजवळ उभा राहू शकतो तो मालक, असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे. तुमचा रॅक वॉटर कूलरशेजारच्या पॅसेजमध्ये आणि किल्ली खिळ्याला टांगलेली, असं तूच लिहिलंस. मग मालक कोण, हे तूच ठरव. पासवर्ड बदलण्याआधी ती किल्ली खिळ्यावरून काढ.

एकदा हे जमलं की लोक येतील. अमक्याच्या ऑफिसचा राउटर उघडून दे, तमक्याने सेकंडहॅन्ड स्विच घेतला आहे, पासवर्ड काढून दे. ओळखीचे असले तरी मालकाचं पत्र माग. माहिती तंत्रज्ञान कायद्यात परवानगीशिवाय शिरण्याला कलम ४३ आणि ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मदत म्हणून केलं’ हे पोलीस ठाण्यात सांगायला फार लंगडं पडतं.

काम झाल्यावर नवे पासवर्ड दोन पाकिटांत सीलबंद कर. एक प्राचार्यांच्या तिजोरीत, एक रजिस्ट्रारकडे, पाकिटावर तारीख आणि सह्या. बदललेस की पाकीट बदल. तू आणि तुझा सहायक यांचे लॉगिन वेगवेगळे ठेव, एकच ‘अॅडमिन’ सगळ्यांनी वापरायचा नाही. कुणी काय केलं ते नोंदीत कळलं पाहिजे. जुन्या अॅडमिनचं लॉगिन काढून टाक आणि तसं त्यांना कळव, त्यात चोरटेपणा नको. कॉन्फिगची नक्कल महिन्यातून एकदा घे, कॉलेजच्या इमारतीबाहेरही एक असू दे.

प्राचार्यांना सांग की सोमवारी नेट मिळणार नाही, बुधवारी मिळेल. सोमवारीच हवं असेल तर नव्या लॅबला तात्पुरता वेगळा स्विच लावून दे, जुन्याला हात न लावता. निळी कन्सोल केबल आणि यूएसबीचं अॅडाप्टर ताईच्या पार्सलमध्ये घातलं आहे, गुरुवारी पोचेल. अॅडाप्टरचा ड्रायव्हर घरून निघण्याआधीच टाकून ठेव, कारण कॉलेजात ज्या वेळी तो लागेल त्या वेळी नेट तूच बंद केलेलं असेल.

तुझा,
मामा